मदत हवी आहे: मँडरिनच्या मिश्र वर्गात अक्षरं कधी सुरू करावीत?

नमस्कार मंडळी. पुण्यात मँडरिनच्या प्राथमिक वर्गाची आखणी चालू आहे. निम्मे कॉलेजचे विद्यार्थी, निम्मे आयातदार आणि कारखान्यातले इंजिनिअर. आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास.

उच्चारांची फारशी चिंता नाही. पिनयिन (चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत) इंग्रजीसारखं वाचलं की 'बी'चा ब होतो. खरं तर तो आपला प, आणि 'पी' म्हणजे ओठ मिटून, श्वास सोडून म्हटलेला फ. 'झेड' म्हणजे 'चाक'मधला च. देवनागरीत लिहून दाखवलं की मराठी माणसाला हे पटकन जमतं.

अडचण अक्षरांची आहे. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या जुन्या रचनेत पहिल्या दोन पातळ्यांच्या (१५० आणि ३०० शब्द) प्रश्नपत्रिकेत अक्षरांसोबत पिनयिन असतं, तिसरीत (६०० शब्द) नसतं. विद्यार्थ्यांना तिसरी द्यायची आहे. व्यापाऱ्यांना बोलणं आणि मोबाइलवर टाइप करणं पुरतं. तिथं पिनयिन टाकून आलेल्या यादीतलं योग्य अक्षर ओळखलं की झालं. पिनयिनवर रेंगाळलं तर विद्यार्थी पुढे अडतात, अक्षरं लवकर आणली तर नोकरदार गळतात.

असे वर्ग घेणाऱ्यांनी कृपया सांगा: हातानं लिहिणं कितव्या आठवड्यापासून घेता? शेवटचा अर्धा तास फक्त विद्यार्थ्यांना दिला तर चालतं का? आणि रेघांचा क्रम सगळ्यांनाच शिकवता का?