‘लक्ष्मी’ हसवत का नाही? घाबरणारा माणूसच कथेतून काढून टाकलाय

धरमपेठी

‘लक्ष्मी’ हा अक्षय कुमारचा हॉरर कॉमेडी सिनेमा परवा टीव्हीवर पुन्हा लागला होता. ९ नोव्हेंबर २०२० ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, तो थेट हॉटस्टारवर आला तेव्हा बहुतेकांनी ‘अक्षय कुमारनं ओव्हरअ‍ॅक्टिंग केली, आरडाओरडा फार’ एवढ्यावर विषय मिटवला होता. मला ते कारण पुरेसं वाटत नाही. आरडाओरडा मूळच्या तमिळ ‘कांचना’तही (२०११) भरपूर आहे. दिग्दर्शक दोन्हीकडे राघव लॉरेन्सच. कथेचा सांगाडाही तोच: खून करून पडीक जागेत पुरलेल्या तृतीयपंथी बाईचं भूत नायकाच्या अंगात येतं आणि सूड उगवतं. मग एक सिनेमा पोट धरून हसवतो आणि दुसऱ्यात आपण घड्याळ का बघतो?

‘कांचना’चा नायक पक्का भित्रा आहे. दिवस मावळला की घराबाहेर पाऊल टाकत नाही. रात्री लघवीला जायचं तर आईला उठवतो. कुठे खुट्ट झालं की एवढा बाप्या गडी उडी मारून आईच्या कडेवर बसतो आणि आई झालेली कोवई सरला त्याला सांभाळत उभी राहते. अशा माणसाच्या अंगात भूत शिरणार हे आपल्याला ठाऊक असतं, त्याला नसतं. त्यामुळे तो नुसता दाराकडे वळला तरी आपण हसायला आणि दचकायला एकाच वेळी तयार असतो.

‘लक्ष्मी’त हा माणूसच गायब आहे. इथला नायक आसिफ (अक्षय कुमार) अंधश्रद्धेविरुद्ध काम करतो, सुरुवातीलाच एका भोंदू बाबाचं बिंग फोडतो, भूत समोर आलं तर बांगड्या भरीन म्हणून पैज लावतो. कल्पना मुळीच वाईट नाही. भूत न मानणाऱ्याच्या अंगात भूत आलं तर तो स्वतःलाच काय समजावेल, यावर अख्खा सिनेमा उभा राहिला असता. पण अंगात आल्यावर तो विचार करणारा आसिफ जवळजवळ नाहीसाच होतो. नायकाची भीती काढून घेतली ती घेतली, तिच्या जागी दुसरं काही ठेवलंही नाही. उरतात त्याची सासू आणि बायकोची वहिनी. आयेशा रझा आणि अश्विनी काळसेकर, दोघी कसलेल्या. पण पहिल्या सीनपासून एकाच पट्टीत किंचाळायचं म्हटल्यावर त्या तरी काय करणार?

आपण नागपूरकरांना तर हे लगेच जाणवायला हवं. श्याम मानवांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती इथलीच. त्यांचे चमत्काराचे प्रयोग ज्यांनी पाहिलेत त्यांना आठवेल. बुवा बनलेला कार्यकर्ता लिंबावर सुरी चालवतो, लाल रस ओघळतो आणि हॉल चिडीचूप होतो. मग तो सांगतो की सुरीला मिथाइल ऑरेंज लावलं होतं, लिंबातल्या आम्लामुळे ते लाल झालं. त्यानंतर जो हशा पिकतो तो खरा मोकळा हशा असतो, कारण क्षणभरापूर्वी प्रत्येकाचा श्वास अडकलेला असतो. ‘लक्ष्मी’ श्वास अडकवतच नाही, मग सुटणार काय?

इतवारीवाला

भाऊ, तुम्ही लय खोलात शिरून राहिले. साधी गोष्ट आहे, पिक्चर टॉकीजमध्ये आलाच नाही. महाराष्ट्रात टॉकीजा ५ नोव्हेंबरला अर्ध्या खुर्च्यांवर सुरू झाल्या होत्या, पण हा आधीच ओटीटीला गेलेला. हॉरर कॉमेडी घरी एकट्यानं पाहायची चीजच नाही. बाजूचा दचकला की आपण हसतो, मागचा ओरडला की सारी रांग हसते. तुमच्या त्या लिंबाच्या प्रयोगात हॉल भरून पोरं होती म्हणून हशा पिकला. तेच लिंबू तुमच्या एकट्यासमोर कापलं असतं तर तुम्ही ‘बरं’ म्हणून घरी गेले असते.

आणि भित्रा नायक पाहिजेच, हे कोणी ठरवलं? ‘भूल भुलैया’ (२००७) घ्या. हाच अक्षय, डॉक्टर आहे, भुताला मानत नाही, घाबरत तर बिलकूल नाही. आमच्या घरी तो लागला की आजही जेवण थांबते.

धरमपेठी

‘भूल भुलैया’चं उदाहरण काढलंत ते बरं झालं. तो डॉक्टर सिनेमात येतो कधी ते आठवा. पार मध्यावर. तोवर प्रियदर्शननं अख्खी हवेली भीतीनं भरून ठेवलेली असते, आणि प्रत्येकाची घाबरण्याची तऱ्हा निराळी. परेश रावल हुशारी दाखवत घाबरतो, असरानी वेगळाच, राजपाल यादवचा छोटे पंडित तर डोक्यानंच सरकलेला. अशा घरात न घाबरणारा माणूस सोडला की त्याच्या थंडपणाचंच हसू येतं. ‘लक्ष्मी’च्या घरात घाबरण्याची एकच तऱ्हा आहे.

गर्दीचं म्हणाल तर ‘कांचना’ आपल्यापैकी कितीजणांनी टॉकीजमध्ये पाहिलाय? हिंदीत डब केलेला, ओठ एकीकडे आणि आवाज एकीकडे असलेला, दुपारच्या वेळी टीव्हीवर पाहिलाय. तरी हसलो. गर्दीनं हशा वाढतो हे मान्य, पण मुळात काहीतरी असावं लागतं ना वाढायला.

सीताबर्डीची

तुम्ही दोघंही एका मोठ्या गोष्टीवरून पुढे निघून गेलात. आसिफच्या अंगात आल्यावर आपल्याला हसायला काय दिलंय? पुरुषानं बांगड्या घातल्या, लाल साडी नेसली, लचकत चालला. पुढे जिवंतपणीची लक्ष्मी म्हणून शरद केळकर येतो. तीच साडी, तीच चाल, आणि आता सिनेमा म्हणतो रडा. केळकरनं ती भूमिका किती सावरून केलीय! आवाज चढवत नाही, हात फिरवत नाही, नुसत्या नजरेत अपमान गिळलेला दिसतो. तो पडद्यावर असतो तेवढा वेळ मी हलले नाही. पण त्याच क्षणी कळलं की आधीचा तासभर मला ज्याच्यावर हसायला सांगत होते ते हेच होतं. विनोद मागे जाऊन मेला तो तिथे.

म्हणून ‘कांचना’ची एवढी तारीफ मला पटत नाही, धरमपेठी. कांचना झालेल्या शरत कुमारचं काम तिथेही उत्तम आहे, पण साडीवरचा विनोद तिथेही तोच आहे. फरक सालाचा आहे. २०११ मध्ये प्रेक्षकानं तो खपवून घेतला. एप्रिल २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख सांगण्याचा हक्क मान्य केला, त्यानंतर सहा वर्षांनी तोच विनोद तसाच वाढला तर तो शिळा लागणारच.

वडसा ते नागपूर

ताई, हसवून मग रडवलं म्हणजे फसवलं, हे मला मान्य नाही. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्री नाटक. पहाटेपर्यंत चालतं. एका प्रवेशात पोरीचा हुंडाबळी जातो, पुढच्या प्रवेशात विनोदी नट येतो आणि कांबळी पांघरून बसलेली मंडळी लोळायला लागतात, त्यापुढच्या प्रवेशात पुन्हा डोळ्याला पदर. कोणाला तुटक वाटत नाही. लोक त्यासाठीच तिकीट काढतात.

‘लक्ष्मी’ आमच्या घरी आई, मावशी, सगळ्यांनी मिळून पाहिला. अश्विनी काळसेकरवर हसल्या, केळकरवर रडल्या. आणि नंतर जेवताना मावशीनं विचारलं, की घरच्यांनीच पोराला हाकलून दिलं तर त्यानं जायचं कुठे. हा प्रश्न आमच्या घरात त्याआधी कोणी काढला नव्हता. दोन तासांच्या आरडाओरड्यातून एवढं निघालं तर मी त्या सिनेमाला पडलेला म्हणणार नाही.

सीताबर्डीची

तुमच्या मावशींचा प्रश्न मोलाचा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण झाडीपट्टीच्या नाटकात विनोदी नट त्या हुंड्याच्या पोरीवर विनोद करतो का? तो सावकारावर करतो, पाटलावर करतो, आपल्या बायकोला भिण्यावर करतो. जिच्यासाठी पुढे पदर डोळ्याला लावायचाय तिला तो हात लावत नाही. मी हसू आणि रडू वेगळं ठेवा म्हणत नाही. कोणावर हसायचं ते नीट निवडा म्हणते.

वडसा ते नागपूर

सगळे नट एवढं पाळतात असं नाही, ताई. साडी नेसलेला बाप्या रंगमंचावर आला की हशा आमच्याकडेही येतोच. पण तुम्ही म्हणता तो भेद चांगल्या नटाला कळतो, हे खरं.

मानेवाड्याची सून

मला वाटतं या सिनेमात विनोदाची एक अख्खी खाण होती आणि तिला कोणी कुदळच लावली नाही. ती म्हणजे जावई.

आसिफ त्या घरात कोण आहे? पोरीनं पळून जाऊन लग्न केलं म्हणून ज्याच्याशी बोलणं टाकलं होतं तो जावई, आता रुसवा निघावा म्हणून सासरी आलाय. आपल्याकडे जावयाचं काय प्रस्थ असतं ते सांगायला नको. अधिक महिन्यात चांदीच्या ताटात अनारसे ठेवून वाण देतात. त्याच्या पानात मीठ कमी पडलं तरी सासूच्या पोटात गोळा. असा जावई बांगड्या घालून बसलाय. सासू काय बोलणार? भूत आहे म्हणून ओरडावं तर जावयाचा अपमान. आधीच संबंध तुटलेले, आता पुन्हा तुटले तर पोरगी दुरावणार. ओरडू नये तर समोर हे चाललंय. भुताची भीती एकीकडे आणि जावई दुखावण्याची दुसरीकडे, मध्ये ती बाई अडकलेली. मी त्या जागी असते तर ‘चहा टाकू का, जावईबापू?’ एवढंच विचारू शकले असते.

सिनेमानं काय केलं? सासूला किंचाळायला लावलं. किंचाळून झालं की मनात ठेवायला काही उरत नाही, आणि विनोद त्या मनात ठेवण्यातच होता. ‘झपाटलेला’ (१९९३) आजही का चालतो? बाहुला जिवंत आहे हे लक्ष्या ज्याला सांगतो तो त्यालाच वेड्यात काढतो. त्याची घुसमट बघून आपण हसतो आणि तात्या विंचू त्याच्याच शरीरात शिरायला टपलाय म्हणून जीवही खाली-वर होतो.

धरमपेठी

जावयाचा मुद्दा एकदम पटला. आणि तो माझ्या म्हणण्याच्या आड येत नाही, उलट त्याला धरूनच आहे. भीती लपवावी लागली तरच तिचं हसू होतं. मूळ सिनेमात नायक आपल्याच आईच्या घरात राहतो, त्यामुळे तिथे हा पेच नव्हता. हिंदीत नायकाला सासरी नेऊन तो आयता हातात आला होता आणि तसाच सोडून दिला.

इतवारीवाला

ताई, तुमचा ‘चहा टाकू का’वाला सीन मले आवडला, खोटं नाही बोलत. पण अक्षय कुमारच्या दिवाळीच्या पिक्चरमध्ये तो कोणी ठेवला असता का? पब्लिक गाणी पाहायला येते, मारामारी पाहायला येते. सासूच्या तोंडावरचा भाव पाच मिनिटं पाहत बसायला प्रोड्यूसर पैसे लावत नाही. मी तर अजूनही म्हणतो, भरलेल्या टॉकीजमध्ये ह्याच किंचाळण्यावर शिट्ट्या पडल्या असत्या.

मानेवाड्याची सून

पाच मिनिटं कशाला, अर्धं मिनिट पुरे. आणि त्यासाठी वेगळा पैसाही लागत नाही, दोघी नट्या सेटवर हजरच होत्या. जावई आतल्या खोलीत आहे आणि सासू-सून स्वयंपाकघरात ठरवताहेत, की बांगड्यांचं त्याला विचारायचं कोणी. सासू म्हणते तू मोठी सून, तू विचार. सून म्हणते जावई तुमचा, तुम्ही विचारा. अश्विनी काळसेकरनं ते वाक्य कसं टाकलं असतं, सांगा बरं. तुमची शिट्टी तिथेही पडली असती.

इतवारीवाला

तिथे पडली असती.