टीम कोण बुडवतो, मॅनेजर की डेव्हलपर?

टिळकवाडीकर
काल इथं एकानं ठोकून दिलंय, "खराब मॅनेजर नुसता वेळ खातो, खराब डेव्हलपर आख्खा प्रोजेक्ट खातो." वाचून चहा कडू झाला. आमच्या साहेबांनी ३ आठवड्यांचं काम क्लायंटसमोर ८ दिवसांवर आणलं, मला न विचारता. उशीर झाला तसे आणखी ५ जण आणून बसवले. सॉफ्टवेअरवाला फ्रेड ब्रुक्स १९७५ सालीच पुस्तकात सांगून गेलाय, लांबलेल्या प्रोजेक्टात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो. ५ जणांत बोलायच्या जोड्या १०, १० जणांत ४५. नव्यांना शिकवण्यातच आमचे ४ दिवस गेले. डेव्हलपरची घाण रिव्हर्ट तरी होते, म्हणजे कोड आधीसारखा करता येतो.

शहापूरकर
रिव्हर्ट होते म्हणे! शुक्रवारी संध्याकाळी आमच्या एका महाभागानं मेन ब्रँचवर, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य कोडवर, फोर्स पुश मारला (इतरांचं काम पुसून आपलंच जबरदस्तीनं चढवलं), फोन बंद केला आणि गावाला गेला. माझी बेळगावची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस चुकली, भाचीचं बारसं चुकलं. शनिवारभर दोघांच्या लॅपटॉपवरच्या जुन्या कॉप्यांतून कोड जुळवत बसलो.

खानापूरची पोर
असला पुश अडवायला मेन ब्रँच प्रोटेक्ट केली नव्हती काय ओ? ते कुणाचं काम?

शहापूरकर
लीडचं. म्हणजे डेव्हलपरचंच की!

उद्यमबागचे मामा
तुमचं पुश-बिश मला कळत नाही, पोरगा त्या लाईनीत हाय म्हणून वाचतो. मी फौंड्रीत जन्म काढला. साच्याच्या वाळूत पाणी जास्त झालं की कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे वाफेची भोकं, पडणारच. मूठभर वाळू दाबायची, मोडायची, कडा साफ तुटली तरच पुढं. एकदा सुपरवायझर म्हणाला, मूठ कसली बघताय, मेटल तयार हाय, ओता. आख्खी पाळी रिजेक्ट. शिव्या साचा करणाऱ्या मोल्डरला.

टिळकवाडीकर
घ्या! मामांनी निकालच लावला.

बॉयलिंग पॉइंट
मुठीचे दिवस गेले, मामा. आता ओलावा मशीनवर बघतात.

उद्यमबागचे मामा
मशीन आकडा दाखवतंय बाबा. आकडा बघून "थांबा" म्हणणारा कोण?

बॉयलिंग पॉइंट
मग मोल्डरनं म्हणायचं हुतं की.

उद्यमबागचे मामा
मोल्डर मीच हुतो. पोराची फी भरायची हुती.

खानापूरची पोर
वाळूतनं बाहेर या आता. टिळकवाडीकर, तुमच्यासोबत मी काम केलंय. कमिट मेसेज, कोडच्या बदलासोबत लिहायची टीप, आठवतात काय? "फिक्स", "फिक्स २", "आता नक्की फिक्स". तेही साहेबांनीच लिहिले?

टिळकवाडीकर
८ दिवसांत ३ आठवडे कोंबले की असलेच मेसेज पडतात. आणि जुनी उणीदुणी इथं काढायची गरज नव्हती, ताई.

खानापूरची पोर
८ दिवसांचं ठरलं त्या कॉलवर तुम्ही पण हुता. म्यूटवर.

टिळकवाडीकर
बोललो असतो तर अप्रेझल तुम्ही दिलं असतं काय?

शहापूरकर
बरं, खोटं कशाला बोलू. ब्रँच प्रोटेक्ट करायचं तिकीट, म्हणजे कामाची नोंद, मीच टाकलं होतं. साहेबांनी दोनदा पुढच्या स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या पुढच्या टप्प्याला, ढकललं, "फीचर आधी" म्हणून. झालं समाधान? तरी फोर्स पुश काही साहेबांनी मारला नव्हता.