"सन्मानाने बंद करूया" म्हणे!

मल्हारगंजी

काल आपल्या ग्रुपवर संस्थापकांनी (हल्ली मुक्काम पुणे) चार ओळी टाकल्या. ज्यांनी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी: "नऊ वर्षं झाली. सगळे नोकरी-संसाराला लागले. रोड रॅशवाल्या कंपनीची नोटीस कधीही येऊ शकते. गेम सन्मानाने बंद करूया, आठवणी राहतील." खाली सतरा जणांचे जोडलेले हात आणि दोन रडके चेहरे.

सन्मानाने म्हणजे कसं हो? गेमला शाल-श्रीफळ देणार का?

रोड रॅशच्या, म्हणजे बाइक पळवत मारामारी करायच्या त्या जुन्या गेमच्या वेडापायी २०१६त आपण पाच जणांनी हा आपला गेम सुरू केला. सायबर कॅफेत तासाचे वीस रुपये मोजून साखळीने एकमेकांना बदडणारी आपली पिढी. मूळ गेममध्ये सिएरा नेवाडा आणि नापा व्हॅली. आपण म्हटलं, आपल्या इंदूरचा राजवाडा ते विजयनगर का नको? राजवाडा मी उभा केला. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. फोटो काढायला सकाळी सहाला सायकलवर जायचो, कारण नंतर समोर गाड्या लागतात आणि खालचा मजला दिसतच नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी बाइक वळली की सरळ भिंतीत शिरायची आणि नदीतून निघायची. ते निस्तरायला अकरा रात्री गेल्या. भिंतीचा कोलायडर (टक्कर ओळखणारा अदृश्य साचा) उलटा लागला होता, बस एवढंच.

आणि एबी रोड! आपल्या ट्रॅकवर बीआरटीएसचे, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गाचे कठडे आहेत. खऱ्या रस्त्यावरचे २०२५त हायकोर्टाच्या आदेशानंतर काढायला घेतले. म्हणजे २०१३ नंतरच्या त्या एबी रोडवर बाइक पळवायची असेल तर आता आपल्या गेमशिवाय जागा नाही. हे बंद करायचं?

खरी गोष्ट सांगतो, राग आला तर येऊ दे. गेम मरत नाहीये. त्याची मानगूट एकाच्या हातात आहे. सोर्स (मूळ कोड) त्याच्याकडे, सर्व्हरचा पासवर्ड त्याच्याकडे, अँड्रॉइडची किस्टोर फाइल, म्हणजे गेमवर सही करायची डिजिटल किल्ली, त्याच्याकडे. त्या किस्टोरशिवाय मी नवी एपीके (फोनवर चढवायची फाइल) बनवली तरी जुन्यावर ती चढत नाही. लोकांना आधी जुना गेम काढावा लागतो आणि त्यासोबत त्यांच्या कमावलेल्या बाइक्स जातात. कोण करेल?

ओपनटीटीडी बघा. ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स हा १९९५चा गेम. २००४पासून हौशी लोक त्याची मोकळी आवृत्ती चालवतायत, आणि २०१०च्या १.०पासून मूळ गेमची एकही फाइल लागत नाही, चित्रं-आवाज सगळं त्यांचं. ज्याने सुरू केलं तो लुडविग स्ट्रिगेयुस पुढे म्यूटोरंट हे फाइली उतरवायचं सॉफ्टवेअर लिहून स्पॉटिफायला गेला. गेम थांबला का?

राजवाडा १९८४त जळाला तेव्हा कुणी म्हटलं नाही "सन्मानाने बंद करूया". परत बांधला.

---

पोटासाठी पुण्यात

मीच तो मानगूट धरणारा. नमस्कार.

राजवाडा परत बांधला, बरोबर. पगारी कारागिरांनी. रात्री अकराला मुलीला झोपवून लॅपटॉप उघडणाऱ्याने नाही.

सर्व्हरचे पैसे नऊ वर्षं माझ्या खिशातून. दोनदा वर्गणीचं आवाहन केलं. पहिल्यांदा चौघांनी दिले, दुसऱ्यांदा मल्हारगंजींनी अंगठा दिला. अंगठ्याचा स्क्रीनशॉट आहे, टाकू?

रात्री दोनला मेसेज येतो, "भिया, पलासियाला बाइक उडून राहिली." मी ऑफिसच्या रिलीजमध्ये. सकाळी उत्तर दिलं तर "इतका भाव?"

आणि इतिहास सांगायचाच तर पूर्ण सांग. सप्टेंबर २०२३त युनिटीने (ज्या इंजिनवर आपला गेम बनला ती कंपनी) इन्स्टॉलमागे पैसे घेणार म्हणून जाहीर केलं. आपल्या फुकट गेमला त्याची झळ लागणार नव्हती, तरी "आजच गोडोवर जाऊ, गुलामी नको" असं त्या दुसऱ्या, फुकट इंजिनसाठी कोण ओरडलं? वर्षभराने कंपनीने तो निर्णयच मागे घेतला. तोवर आपले दोन ट्रॅक तिकडे, चार इकडे, आणि साखळीचा फटका कुठेच नीट लागत नाही. गेम कुणी मारला त्याची यादी करायची तर पहिलं नाव माझं नसेल.

---

छप्पनची वकील

दोघांनीही मूळ मुद्दा ओलांडला. नोटीस.

आपण ज्या वर्षी सुरू केलं त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मेट्रॉइडचा एएम२आर आणि पोकेमॉन युरेनियम असे निन्टेंडोच्या गेमांवर बेतलेले दोन हौशी गेम बाहेर आले आणि कंपनीच्या नोटिशींनी त्याच महिन्यात उतरले. युरेनियमवर नऊ वर्षं खर्च झाली होती. आपल्याइतकीच. त्याआधी २०११त स्ट्रीट्स ऑफ रेज रिमेक, आठ वर्षांचं काम, मूळ गेमवाल्या सेगा कंपनीमुळे काही दिवसांत बंद. "आम्ही फुकट वाटतो" हे वाक्य इथे दर महिन्याला वाचते. फुकट वाटणं हा काही पूर्ण बचाव नाही, भारतातही नाही.

पण साखळीने मारायची कल्पना कुणाच्या मालकीची नसते. नाव, लोगो, चित्रं, संगीत यांची असते. रोड रिडेम्प्शन बघा: २०१३ला किकस्टार्टर, २०१७ला बाजारात, तीच बाइक, तीच मारामारी, फक्त नाव त्यांचं स्वतःचं. आपण काय केलं? नावात "रॅश" ठेवलं, लोगोची अक्षरंही तशीच काढली. मी २०१९त सांगितलं होतं. मला "डरपोक" म्हटलं गेलं.

आणि कचरागाडीचं गाणं कुणाला विचारून घातलंय? तेही कुणीतरी लिहिलंय, कुणीतरी गायलंय.

---

रात्रपाळी

मी फक्त खेळतो. कचरागाडीचं गाणं काढलं तर मीही बंद.

---

कोथरूडकर

स्पष्ट बोलतो. गेम महाराष्ट्रात पसरला नाही याचं कारण नोटीसही नाही आणि पासवर्डही नाही. त्यातली मराठी. टपरीवाला म्हणतो "चहा पिली का?" हवालदार म्हणतो "काय करून राहिला बे?" मी २०२१त सगळ्या संवादांची शुद्ध प्रत करून पाठवली होती, रंगीत खुणांसह. साधी पोचही नाही. चहा पुल्लिंगी आहे. "चहा प्यायला का?" एवढं जमलं असतं तरी आमच्याकडची मुलं हसली नसती.

---

मल्हारगंजी

हसली? हसू द्या. टपरी राजवाड्यामागे आहे, डेक्कनवर नाही. तिथला माणूस "चहा पिली"च म्हणतो, कारण दिवसभर त्याच्या कानावर "चाय पी" पडतं. माझे आजोबा म्हणायचे, बाबा म्हणतात, मी म्हणतो. होळकरांच्या मागे आलेली घरं आहेत आमची. इतकी वर्षं चहूबाजूंनी हिंदी असताना घरात मराठी ठेवली, ती तुमच्या लाल पेनासाठी नाही.

तुमची प्रत मी पाहिली होती. पहिल्याच पानावर पोलिसाच्या तोंडी "कृपया वाहन बाजूस घ्यावे" होतं. इंदूरचा पोलीस! बाइकवरून लाथ मारताना!

---

कोथरूडकर

परंपरा म्हणजे चूक करायचा परवाना नव्हे. पुढच्या पिढीला हेच शिकवणार का?

---

पोटासाठी पुण्यात

कोथरूडकर, मी तुमच्यापासून दोन किलोमीटरवर राहतो. ऑफिसात एकदा "माझ्याजवळ वेळ नाही" म्हटलं तर समोरचा म्हणाला, "मग कोणाजवळ आहे?" आठ वर्षं मी बोलायच्या आधी मनात वाक्य तपासतो. त्या गेममध्ये तपासावं लागत नव्हतं. ते संवाद मीच लिहिलेत. पोच दिली नाही ती मुद्दाम.

---

मल्हारगंजी

हे पहिल्यांदा ऐकतोय. मला वाटलं होतं प्रत तुझ्या स्पॅममध्ये गेली.

---

सुदामानगरची सून

मी साताऱ्याची, लग्न होऊन इथे आले. आल्या आल्या मलाही ही भाषा विचित्र वाटली, खोटं कशाला बोलू. पण गेममध्ये रस्ता ओलांडणारी म्हातारी आहे ना, पिशवीवाली, तो आवाज माझ्या सासूबाईंचा.

कपाटात गोधड्यांच्या मध्ये फोन ठेवून रेकॉर्ड केलं, आवाज घुमू नये म्हणून. त्यांना सांगितलं, समजा बाइकवाला अगदी अंगावर आला, काय म्हणाल? त्या सुरू झाल्या, "अरे मेल्या, डोळे घरी ठेवून आला का?" मग थांबेचनात. बाइकवाल्यावरून नगरपालिकेवर, तिथून मोठ्या जाऊबाईंवर. सात मिनिटं. मध्ये कुकरची शिट्टी झाली, ती गेममध्ये अजून ऐकू येते, नीट ऐका. जाऊबाईंचा भाग काढला.

आता त्यांचा टॅबलेट बदलला, नव्यावर गेम चढतच नाही. रोज विचारतात, "माझा गेम कधी सुरू होऊन राहिला?" माझा गेम! त्यांना मी काय सांगू, सन्मानाने बंद झाला म्हणून?

वकीलताई, त्या आवाजावर हक्क कुणाचा? कारण त्या म्हणतात, पैसे नको पण विचारल्याशिवाय बंद करायचा नाही.

---

छप्पनची वकील

लेखी काही घेतलं नसेल तर हा प्रश्न त्या खरंच विचारू शकतात. आपण कुणाकडूनच लेखी घेतलेलं नाही. राजवाड्याचं मॉडेल मल्हारगंजींचं, संवाद पुण्याचे, संगीत ज्याने दिलं तो तर कॅनडात. म्हणजे गेम "बंद करूया" किंवा "मोकळा करूया" यातलं काहीही एकट्याने म्हणता येत नाही. दोघांनाही.

---

पोटासाठी पुण्यात

मग घ्या ना सह्या. मोकळा करा म्हणणं सोपं आहे. एएम२आरचं काम त्याच्या मूळ कर्त्यानंतर चाहत्यांनी पुढे नेलं म्हणून टाळ्या वाजवतात. पण तिथे वर्षानुवर्षं राबणारी माणसं होती. इथे शेवटचा कोड मल्हारगंजींनी टाकला त्याची तारीख बघा: २०२४ची रंगपंचमी. गेरमध्ये, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, रंग उडवणाऱ्या टँकरचा मॉड. त्याने गेम आठवडाभर सुरूच होत नव्हता.

हौस आहे, मान्य. हौसेने ट्रॅक होतात. कंटाळवाणी कामं, म्हणजे जुन्या फोनवर चालतंय का बघणं, सेव्ह फाइल तुटू न देणं, रोजच्या तक्रारींना माणसासारखं उत्तर देणं, ती कुणाच्या हौसेत बसत नाहीत. ती मी केली. मला थकायचा हक्क नाही का?

---

मल्हारगंजी

आहे. टँकरबद्दल बोलू नको, टँकर चांगला होता.

वर्गणीचा अंगठा मी दिला, ते चुकलं. तेव्हा बाबांची अँजिओप्लास्टी झाली होती, पण तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. असो. सर्व्हरचं पुढचं वर्ष माझ्याकडे. हे उपकार म्हणून नाही, उधारी म्हणून समज.

पण थकलास तर किल्ली दे ना बाबा. घर पाडायचं कशाला?

---

पोटासाठी पुण्यात

"किल्ली दे." नऊ वर्षांत हा शब्द आज वापरलास. याआधी "आपला गेम, आपला गेम" आणि पासवर्ड माझा.

ठीक. सोर्सची जुनी हार्ड डिस्क आईकडे रामबागेत आहे, गोदरेजच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली. युनिटीची शेवटची धड चालणारी आवृत्ती त्यात आहे. गोडोचं अर्धवट प्रकरण माझ्या लॅपटॉपवर, ते कुणी मागू नये, मीच उघडत नाही. ज्याला डिस्क हवी त्याने स्वतः जाऊन घ्यावी. कुरिअर नाही. आईसमोर बसून पोहे खाल्ल्याशिवाय ती देणार नाही, वर सेव घालेल, नाही म्हणायचं नाही.

किस्टोरही त्यातच आहे. पासवर्ड मल्हारगंजींना फोनवर सांगेन. २०१६त ठेवला होता. इथे लिहिणार नाही, हे बायकोही वाचते.

माझं नाव श्रेयनामावलीत ठेवा, तक्रारींच्या पत्त्यातून काढा. आणि नाव-लोगो बदला आधी. वकीलताई २०१९त बरोबर होत्या. घ्या, म्हटलं.

---

छप्पनची वकील

तारीख लिहून ठेवली. सह्यांचा एक पानी कागद मी करते. मराठीत करते, कोणती मराठी ते विचारू नका.

---

रात्रपाळी

गाणं राहणार ना?

---

मल्हारगंजी

गाणं जाईल बहुतेक. सासूबाईंकडून "ओला कचरा, सुका कचरा" ओरडून घेऊ.

रविवारी साडेआठला रामबागेत जातो. सोबत कुणाला यायचं?

---

सुदामानगरची सून

मी येते, सासूबाईंनाही आणते, त्यांना डिस्क बघायचीय. त्यांना वाटतं गेम त्यातच चालू आहे.

बाकी एक सांगायचं राहिलं. आमच्या साताऱ्याकडे "चहा पिला का" म्हणतात. पिली नाही, प्यायला पण नाही.

---

कोथरूडकर

"पिला" तर त्याहून चूक.

---

मल्हारगंजी

तुम्ही रविवारी याच.