दहा वर्षांची झिनफँडेल: आता चव कशी असेल? अजून ठेवू का?

पैठणगेट

नमस्कार मंडळी. माझा भाऊ सॅक्रामेंटोला असतो. मागे येताना त्याने एक लाल वाइन आणली होती. लेबलवर झिनफँडेल, अमडोर काउंटी, 2015 आणि अल्कोहोल 15.2 टक्के असं लिहिलंय. देताना म्हणाला, "ठेवून दे, मुरली की छान लागते." म्हणून ठेवली, आणि मग राहूनच गेली.

तेव्हा आम्ही सिडकोत वरच्या मजल्यावर राहायचो. बाटली लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली आडवी होती. संभाजीनगरचे दोनेक उन्हाळे तिने तिथेच काढले. खालच्या घरात आल्यापासून मात्र ती फ्रिजच्या सगळ्यात खालच्या खणात आहे.

पुढच्या वर्षी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील. तेव्हा उघडू, असं ह्यांच्या मनात आहे. वाइनमधलं मला फार कळत नाही, पण हीच वाइन ताजी असताना भावाकडे चाखली होती आणि ती चव अजून जिभेवर आहे. आधी पिकलेलं जांभूळ, करवंद असं काहीतरी आणि गिळताना काळी मिरी. ती चव जुनी झाल्यावर वाढते, की जाते? जात असेल तर तिच्या जागी काय येतं? ज्यांनी खरोखर जुनी झिनफँडेल प्यायली आहे त्यांनी सांगावं.

गोदाकाठ_नांदेड

ताई, वाइन जितकी जुनी तितकी चांगली. बिनधास्त ठेवा. पंचविसाव्याला उघडा आणि आम्हाला बोलवा.

औशाची_बाग

ताई, ठेवू नका. ह्या महिन्या-दोन महिन्यांत उघडा आणि पंचविसाव्यासाठी भावाकडून नवी मागवा. नांदेडकरांचं मन राखलं असतं, पण झिनफँडेल ह्या द्राक्षाच्या बाबतीत ते खरं नाही. जरा लांबण लागेल, वाचा.

आमची बाग औसा तालुक्यात, खायच्या द्राक्षाची. नोकरीपायी मी बरीच वर्षं कॅलिफोर्नियातल्या सोनोमा काउंटीत, सांता रोझाला काढली. तिथे ड्राय क्रीक व्हॅलीची 2007 ची झिनफँडेल आवडली म्हणून एक पेटी घेतली, थंड तळघरात ठेवली आणि दर हिवाळ्यात त्यातली एखादी उघडत गेलो. वाइन तीच, साल तेच, जागाही तीच, त्यामुळे बदलत होतं ते फक्त वय. त्यात जे चाखलं ते सांगतो.

पहिली उघडली तेव्हा तुम्ही म्हणता तेच होतं. करवंद, ब्लॅकबेरी, रासबेरीचा शिजवलेला मुरंबा, त्यामागून मिरी, आणि अमेरिकन ओकच्या पिंपातून आलेला व्हॅनिलाचा वास, जो मला तेव्हा जरा उपरा वाटायचा. रंग काठापर्यंत जांभळा. जीभ भरून टाकणारी वाइन, मागे काही राखून न ठेवणारी.

चार-पाच वर्षांची झाल्यावर ती सगळ्यात सुंदर लागली. फळ होतंच, पण मुरंब्याचा गोडसरपणा ओसरला होता. व्हॅनिला वेगळा काढून दाखवता येईना, आत मिसळून गेला होता. तुरटपणा मऊ झाला होता आणि मिरीच्या जोडीला लवंगेसारखं काहीतरी आलं होतं. त्या वयाची ती बाटली मला अजून आठवते. बेंद्रा-पोळ्याचं जेवण सोडून दुसऱ्या कशाबद्दल मी इतक्या मनापासून बोलत नाही.

मग फळ वाळायला लागलं. सात-आठ वर्षांना ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला तर काठ विटकरी दिसायचा. वास घेतला तर बेदाणा, सुकं अंजीर, खारीक. थोडं थांबलं की शिसपेन्सिलीला टोक काढताना लाकडाचा येतो तो वास, वाळल्या तंबाखूचं पान, नवी कोल्हापुरी पायताणं उघडल्यावर येतो तो चामड्याचा वास. शेवटी ओला पालापाचोळा. हे सगळं एकदम येत नाही. ग्लासात ठेवून अर्धा तास गप्पा मारा, एकेक पुढे येतं.

इथे माणसांचे दोन गट पडतात. काहींना ही अवस्था लई प्रिय. ते म्हणतात, मुरलेली झिनफँडेल जुन्या बोर्दोसारखी, म्हणजे त्या नावाच्या फ्रेंच लाल वाइनसारखी लागते. लागते खरी. डोळे झाकून दिली तर मीही बोर्दोच म्हणेन. पण मला तेच खटकतं. बोर्दो प्यायची तर बोर्दो घ्यावी. झिनफँडेलचा जीव तिच्या फळात आणि मिरीत आहे, आणि ते दोन्ही गेल्यावर जे उरतं ते चांगलं असलं तरी तिचं स्वतःचं नाही.

पेटीतल्या शेवटच्या बाटल्यांत फळ इतकं विरळ झालं होतं की घोट घेतल्यावर आधी घशाशी अल्कोहोलची ऊब यायची, चव नंतर. फळ, रंग, तुरटपणा हे सगळं वयाबरोबर उतरतं, पण अल्कोहोल बाटलीत तसाच राहतो. तुमची 15.2 टक्क्यांची आहे. भरल्या फळात तो टक्का कळत नाही, फळ गेलं की उघडा पडतो.

गाळ दिसला तर घाबरू नका. तुरटपणा देणारे टॅनिन आणि सालीतले रंगकण वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाला बसतात. म्हणूनच रंग फिका होतो आणि तोंड कमी आवळतं.

आता उन्हाळ्याचं. वाइन मुरवायची तर 12 ते 14 अंश आणि वर्षभर तेवढंच. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि स्लॅबखालच्या लोखंडी कपाटात तर रात्रीही गारवा नसतो. उष्णतेने नुसता वेग वाढतो असं नाही, चवच वेगळ्या वाटेने जाते. फळ शिजल्यासारखं होतं, जळक्या साखरेच्या अंगाने. म्हणजे तुमच्या बाटलीचं वय कागदावर दहा असलं तरी सोनोमाच्या तळघरातल्या दहाशी त्याची गाठ घालता येणार नाही. फ्रिजमुळे पुढची वर्षं हळू गेली, हे बरं झालं.

कडवंची_फाटा

रामराम. वाइनमधलं काही कळत नाही, पण द्राक्ष कळतं. औशाच्या भाऊंनी द्राक्षावर थोडं बोलावं. ही जात इतकी लवकर का उतरते? साल पातळ आहे का?

औशाची_बाग

रामराम! कडवंचीसारख्या द्राक्षाच्या गावच्या माणसाने द्राक्षाबद्दल विचारावं म्हणजे आमचा मान आहे.

साल पातळ आहेच, पण खरी गंमत घडात आहे. घड मोठा आणि घट्ट, आणि एकाच घडात एकाच दिवशी तीन तऱ्हेचे मणी सापडतात: काही बरोबर पिकलेले, काही अजून कच्चे गुलाबी-हिरवे, काही वेलीवरच सुरकुतून बेदाणा झालेले. आपण थॉमसनला नाहीतर माणिक चमनला विरळणी करतो, मणी फुगवायला जीएची (जिबरेलिक ॲसिडची) डिप देतो, सगळे मणी एकसारखे करून मार्केटला पाठवतो. तिकडे तसं करत नाहीत. फार तर घडाचे खांदे छाटतात, मागे राहिलेले हिरवे घड खाली टाकतात. बाकी जसं आहे तसं तोडायचं. त्या कच्च्या मण्यांमुळे आंबटपणा राहतो, पिकलेल्यांमुळे फळ येतं, आणि वाळलेल्यांमुळे साखर.

साखरेचा हिशोब बघा. आपण खायचं द्राक्ष 18 ब्रिक्सच्या (रसातली साखर मोजायचं माप) आसपास तोडतो. झिनफँडेल 25-26 ला तोडतात. शिवाय ते वाळलेले मणी टाकीत पडून भिजले की आतली साखर एक-दोन दिवसांनी सुटते आणि रीडिंग आणखी चढतं. एका ब्रिक्सला साधारण 0.55 ते 0.6 टक्के अल्कोहोल धरा, म्हणजे 15 टक्के कुठून आले ते कळेल. पण इतकं पिकवलं की आंबटपणा उतरतो. वाइनला वर्षानुवर्षं उभं धरतं ते आंबटपणा आणि टॅनिन, आणि झिनफँडेलमध्ये टॅनिनही मध्यमच. काबर्ने सोव्हिन्यों ह्या द्राक्षाची वाइन वीस वर्षं निघते आणि ही बहुतेक वेळा पाच-सातमध्येच आपलं सगळं सांगून टाकते, त्याचं कारण हे.

ताईंच्या अमडोरबद्दल मात्र सांगायलाच हवं. सिएरा नेवाडाच्या पायथ्याचा तो भाग. 1849 च्या सुमाराला सोनं शोधायला माणसं तिथे धावली, त्यांच्या मागोमाग ही द्राक्षं गेली. तिथे 1869 च्या आधी लावलेल्या वेली अजून फळ देतात! मांडव नाही, तार नाही, एकेक वेल बुटक्या झाडासारखी आपल्या खोडावर उभी. आपण पंधरा-वीस वर्षांत बाग मोडतो. त्या खोडाला हात लावला तेव्हा मला बोलायला सुचलं नव्हतं.

तसं मूळ अमेरिकेचं नव्हेच. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातल्या कॅरोल मेरेडिथ आणि झाग्रेबच्या संशोधकांनी 2001 मध्ये डीएनए जुळवून दाखवलं की क्रोएशियाच्या किनाऱ्यावरची एक जुनी जात आणि झिनफँडेल एकच. इटलीच्या टाचेकडची प्रिमिटिव्होही तीच.

पैठणगेट

दादा, मन लावून लिहिलंत, खूप आभार. ह्यांनाही वाचून दाखवलं. आत्ता बाटली बाहेर काढून बघितली. वरचं आवरण चिकट लागतंय आणि बूच काचेच्या तोंडाच्या किंचित वर आलंय. ओलही नाही, गळतही नाही. गेली का मग? आणि उघडायची कशी? सोबत जेवायला काय करू? शेजारच्या काकू म्हणतात नान-खलिया, म्हणजे मटणाचा तिखट रस्सा आणि नान कर.

औशाची_बाग

बूच वर आलं ते त्या दोन उन्हाळ्यांनी. आतली वाइन फुगली, बुचाला रेटलं, थोडी पाझरली, वाळून चिकट झाली. फ्रिजमध्ये आल्यावर ते थांबलं. गेली असं उघडल्याशिवाय म्हणता येणार नाही, पण आता पुढच्या वर्षाचा विचार सोडा.

उघडायच्या आधी दीड-दोन दिवस उभी ठेवा म्हणजे गाळ तळाला जाईल. पिण्याआधी तासभर फ्रिजबाहेर. 16-17 अंशांना बरी लागते. आपल्या खोलीच्या तापमानाला देऊ नका, नुसता अल्कोहोल नाकात जाईल. बूच जुनं आहे, स्क्रू पूर्ण आत घालून सावकाश, सरळ वर ओढा. तुटलंच तर चहाच्या नव्या गाळणीतून ओता, काही बिघडत नाही. एका हाताने मोबाइलचा टॉर्च मानेमागे धरून हळू ओतत राहा, गाळाची काळी रेघ मानेशी आली की थांबा. आणि तरुण वाइनसारखी तासन्‌तास हवेत उघडी ठेवायची नाही. जे काही उरलंय ते पहिल्या तासात असतं.

खलिया मला जिवापलीकडे आवडतो, पण ह्या बाटलीबरोबर नको. तिखटाने अल्कोहोलची जळजळ दुप्पट जाणवते. तर्री आणि 15 टक्के एकत्र आले की बाकी काही कळणार नाही. तरुण, फळाने भरलेली झिनफँडेल असती तर मी स्वतः खलिया सुचवला असता. आत्ता मटण करा, पण लाल तिखट न घालता: आलं-लसूण, भाजलेला कांदा, मिरी, थोडं जायफळ, मंद आचेवर सुकं. ज्वारीची कडक भाकरी चालेल. येसर आमटी त्या दिवशी नको.

पैठणगेट

उघडली. काल रात्री. बूच निम्म्यात तुटलं, मग गाळणी.

रंग खरंच विटकरी होता, मधे काळपट लाल. पहिला वास गुळाच्या पाकाचा आला, तोही जरा करपलेला. ह्यांनी तोंड वाकडं केलं. दहा-पंधरा मिनिटांनी तो मागे गेला आणि खारीक आली, स्पष्ट. नंतर मला तंबाखूचा वास आला. माझे आजोबा चंचीत ठेवायचे तसा, म्हणून लगेच ओळखू आला. मिरी अजिबात नाही. जांभूळही नाही. घशाशी गरम लागली, तुम्ही म्हणाला होतात तसंच. मटणाच्या तुकड्याबरोबर घोट घेतला की ती गरमी कमी व्हायची आणि मागे अंजिरासारखं काहीतरी गोडसर राहायचं. ते मला खूप आवडलं. तासाभराने मात्र ग्लासात काहीच उरलं नव्हतं, नुसतं आंबट पाणी.

वाईट वाटलं नाही. पण भावाकडची ती पहिली चव हवी असेल तर काय मागवू? तो डिसेंबरात येतोय.

औशाची_बाग

ताई, तुम्हाला फार कळत नाही असं पुन्हा म्हणू नका. खारीक आणि तंबाखू वेगळे ओळखता आले, अजून काय पाहिजे. करपलेला पाक हा उन्हाळ्यांचा, खारीक-अंजीर हे वयाचं. दोन्ही एकाच ग्लासात आलं म्हणून गोंधळ वाटला असेल.

भावाला सांगा, अमडोर किंवा ड्राय क्रीकची, दोन-तीन वर्षांपूर्वीच्या सालाची आण. ती आणल्यावर लगेच फ्रिजमध्ये आणि पंचविसाव्याला टेबलावर. मुरवायचीच हौस असेल तर रिज ह्या वाइनरीची लिटन स्प्रिंग्ज किंवा गायझरव्हिल मागवा. त्यांत झिनफँडेलबरोबर पेटिट सिरा, कॅरिन्यान ह्या जाती मिसळलेल्या असतात, त्यांचं टॅनिन आणि आंबटपणा तिला उभं धरतं आणि थंड जागेत ती दहा-पंधरा वर्षंही छान निघते. त्यासाठी मात्र वाइनचा वेगळा छोटा फ्रिज लागेल, कपाट नाही.

तोवर नाशिककडे गेलात तर सुलाची लाल झिनफँडेल घेऊन बघा. ती लगेच प्यायचीच असते. आणि तिच्याबरोबर काकूंचा नान-खलिया खुशाल करा.

गोदाकाठ_नांदेड

पटलं. माझ्याकडे सासऱ्यांनी दिलेली एक 2012 ची आहे, माळ्यावर. आज खाली काढतो.