बोअरचं पाणी, काठपदराच्या साड्या, कोट: घरी काय धुवायचं, ड्रायक्लीनला काय द्यायचं?

जुळे_सोलापूर यांचा प्रश्न

मंडळी, लग्नसराई आटोपली. कपडे कपाटात जाण्याआधी धुवायचे आहेत: दोन इरकली (अंग सुती, पदर लाल रेशमी), एक पैठणी, दोन रेशमी ब्लाउज, लोकरीचा स्वेटर, यजमानांचा कोट-पँट, चार सोलापुरी चादरी आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेतली पांढरी बाराबंदी (बंदांनी बांधायचा सुती अंगरखा).

महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येतं, ते स्वयंपाकापुरतं पुरतं. धुण्याला बोअरचंच पाणी. साबणाला फेस येत नाही आणि पांढरे कपडे करडे पडतात. लॉन्ड्रीवाले म्हणतात सगळंच ड्रायक्लीनला द्या, शेजारच्या काकू म्हणतात रिठ्यात काहीही निघतं. मशीन टॉप लोड, साडेसहा किलोचं आहे. कशाचं काय करू?

परीटघडी यांचं उत्तर

ताई, किंमत बघून ठरवू नका. डाग कशाचा आहे आणि कपडा आतून कसा बांधलाय, एवढंच बघा.

ड्रायक्लीनच्या मशीनमध्येही कपडा भिजतो, फक्त पाण्याऐवजी द्रावणात. हे द्रावण बहुतेक ठिकाणी परक्लोरोएथिलिन (धंद्यात नुसतं ‘पर्क’ म्हणतात) किंवा एमटीओसारखं (मिनरल टर्पेंटाइन ऑइल) पेट्रोलियम वर्गातलं असतं. त्यात तेल, तूप, लिपस्टिक, क्रीम विरघळतं. लोकर आणि रेशीम पाण्यात फुगतात तसे त्यात फुगत नाहीत. म्हणून लोकर आटत नाही, काठ आखडत नाही, पाण्यात सुटणारा रंगही सहसा जागेवर राहतो.

पण घाम, सरबत, चहा, उसाचा रस, वरणाचं पाणी हे पाण्यात विरघळणारे डाग आहेत. द्रावण त्यांना जवळपास हात लावत नाही. ते काढायला मशीनच्या आधी कारागिराला टेबलावर बसून डागापुरतं पाणी, वाफ आणि योग्य औषध वापरावं लागतं. त्याला स्पॉटिंग म्हणतात. तुम्ही सांगितलंच नाही तर त्याला कळणार कसं? साखरेचा डाग वाळल्यावर दिसत नाही. कपडा स्वच्छ म्हणून घरी येतो आणि इस्त्रीच्या उष्णतेने किंवा कपाटात काही महिने पडून तिथे तपकिरी वर्तुळ उमटतं. तोवर तो डाग जवळपास कायमचा झालेला असतो. तेव्हा कपडा देताना डागाला दोरा बांधा किंवा कागदाची चिठ्ठी टाचा, आणि चिठ्ठीवर ‘सरबत’, ‘तेल’, ‘घाम’ असं लिहा.

कोट-पँट डोळे झाकून ड्रायक्लीनला द्या. कोटाच्या कॉलरला आणि छातीच्या पुढच्या भागाला आतून फ्युजिंगचं कापड उष्णतेने चिकटवलेलं असतं. घरच्या धुण्यात ते ठिकठिकाणी सुटतं आणि बाहेरून फोड आल्यासारखं दिसतं. शिवाय अस्तर वेगळं आटतं, वरचं कापड वेगळं. हे इस्त्रीने परत बसत नाही. कोट आणि पँट मात्र नेहमी एकत्रच द्या. एकच पुन्हा पुन्हा धुतला गेला तर दोघांच्या रंगात फरक पडतो. प्रत्येक समारंभानंतर द्यायचीही गरज नाही. मऊ ब्रशने धूळ झाडा, रात्रभर रुंद हँगरवर वाऱ्याला ठेवा. बगलेत किंवा कॉलरला मळ दिसेल तेव्हा द्या.

लेबल असेल तर वर्तुळ शोधा. वर्तुळात पी असेल तर पर्क चालतं, एफ असेल तर फक्त पेट्रोलियम द्रावण, डब्ल्यू असेल तर व्यावसायिक पद्धतीने पाण्यात धुलाई. वर्तुळावर फुली म्हणजे ड्रायक्लीन नकोच. वर्तुळाखाली रेघ असेल तर हलक्या हाताने. ज्याच्यावर टिकल्या किंवा चिकटवलेले खडे आहेत तो कपडा देताना हे आवर्जून सांगा, कारण पर्कने डिंक सुटतो आणि काही प्लॅस्टिकच्या टिकल्या मऊ पडून आकार सोडतात.

दुकान निवडताना विचारा: मशीन इथेच आहे की कपडे बाहेर जातात? स्पॉटिंग कोण करतं? द्रावण रोज गाळून आणि ऊर्ध्वपातन करून वापरता का? मळलेलं द्रावण तसंच फिरवलं तर त्यातला मळ पुढच्या गिऱ्हाइकाच्या फिक्या कपड्यावर बसतो. परत आलेल्या कपड्याला झणझणीत वास असेल तर तो नीट वाळलेला नाही. प्लॅस्टिकची पिशवी लगेच काढा, एक दिवस सावलीत वाऱ्याला टांगा, मगच कपाटात ठेवा.

काठपदर यांचं उत्तर

रेशमाबद्दल मी सांगते. काकूंचं अर्धं बरोबर आहे.

रिठ्याचा फेस सौम्य असतो, रेशमाला चालतो. दहा-बारा रिठे बिया काढून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून पातळ कापडातून गाळा. मात्र तो काढा किंचित तपकिरी असतो. मोतिया, पांढऱ्या, फिक्या गुलाबी कपड्याला तो वापरू नका. त्यांना लोकर-रेशमाचं द्रव साबण घ्या, पाच लिटर पाण्याला साधारण १० मिली.

रोजची पावडर रेशमाला आणि लोकरीला अजिबात नको. एक तर ती अल्कधर्मी असते. दुसरं म्हणजे बऱ्याच पावडरींमध्ये प्रथिनांचे डाग तोडणारी एन्झाइम्स असतात, आणि रेशीम, लोकर ही स्वतःच प्रथिनं आहेत. चकाकी जाते, धागा विरतो.

आधी रंगाची परीक्षा घ्या. इरकलीच्या लाल पदराच्या आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा सुती फडका ठेवा, वर कोरडा फडका, आणि गरम इस्त्री दहा-पंधरा सेकंद दाबा. अंग, काठ, पदर तिन्हींची परीक्षा वेगवेगळी करा. फडक्यावर लाली आली तर ती साडी घरी भिजवायची नाही. पदराचा लाल रंग सुती अंगावर उतरला तर तो काढायला गेल्यावर मूळ रंगही जातो. मीठ घातलं की रंग पक्का होतो असं ऐकाल, पण तयार साडीचा सुटणारा रंग मिठाने बसत नाही.

परीक्षेत पास झाली तर टबात थंड पाणी घ्या. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी हात घालवत नाही इतकं तापतं, म्हणून पहाटेचं भरून ठेवा. साडी पाच मिनिटांपेक्षा जास्त भिजत ठेवू नका. फक्त खालीवर दाबा. चोळायची नाही, पिळायची नाही, धोपटायची तर नाहीच. ओलं रेशीम कमजोर असतं, घासलेल्या जागी पांढुरके केस उभे राहतात. तीनदा पाणी बदला. शेवटचं पाणी गोडं हवं. आरओ फिल्टरचं शुद्ध पाणी चार-पाच लिटर काढून ठेवलं तर उत्तम. फिल्टरच्या दुसऱ्या नळीतून सांडणारं पाणी मात्र कपड्याला वापरू नका, त्यात गाळलेले क्षार साठलेले असतात. मग जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा, सावलीत आडवी वाळवा. किंचित ओलसर असताना उलट्या बाजूने, वर सुती कापड टाकून, सिल्कच्या आकड्यावर इस्त्री.

पैठणी घरी नको. दाट जरीचा पदर आणि रेशमी अंग पाण्यात वेगवेगळं वागतं, पदराला चुण्या पडतात. ती ड्रायक्लीनला द्या, तीही डाग पडल्यावरच. एकदा नेसल्यावर नुसती सावलीत तास-दोन तास पसरून सुती कापडात बांधून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला, एकाच घडीवर जरीचा धागा तुटतो. डांबरगोळी आणि अत्तर जरीपासून लांब ठेवा.

ब्लाउजचा घाम ड्रायक्लीनने नीट जात नाही, परीटघडींनी लिहिलंय तसं. रंग पक्का असेल तर ब्लाउज वर सांगितल्याप्रमाणे घरीच त्याच दिवशी धुवा. जुना घाम रेशमाचा रंगही खातो आणि धागाही. स्वेटरलाही हीच रीत, फक्त टांगू नका, टॉवेलवर आकार नीट करून पसरा.

मागवाला यांचं उत्तर

चादरी ड्रायक्लीनला देणं म्हणजे पैसे पाण्यात. सुती जकार्ड आहे, तिला पाणीच मानवतं. पहिल्या दोन-तीन वेळा प्रत्येक चादर वेगळी, थंड पाण्यात, अर्ध्या पावडरीत धुवा, जादाचा रंग निघून जाईल. नंतर गडद चादरी एकत्र चालतील, पण तुमच्या मशीनमध्ये एका वेळी एकच, फार तर दोन. भिजल्यावर वजन दुपटीच्या वर जातं, चादर एका बाजूला गोळा होते आणि पिळताना ड्रम आपटतो. आवाज आला की थांबवा, हाताने पसरून पुन्हा चालू करा. उन्हात उलटी बाजू वर.

टेरी टॉवेलला कम्फर्टसारखं सॉफ्टनर नको, वरचे फंदे गुळगुळीत होतात आणि पाणी शोषत नाहीत. बोअरच्या पाण्याने टॉवेल पापडासारखा कडक झाला असेल तर शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर घाला.

बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून न विरघळणारा साका करतात. तुमच्या पांढऱ्यावरचा करडेपणा तोच आहे. सुती कपड्यांसाठी वडीऐवजी पावडर वापरा आणि १५ लिटरच्या बादलीत आधी दोन चमचे धुण्याचा सोडा विरघळवा, मग पावडर. हा सोडा रेशमाला-लोकरीला चालत नाही. बाराबंदी याच पद्धतीने, गरम पाण्यात तासभर भिजवून, गळा आणि बंद हाताने घासून. क्लोरीनची ब्लीच टाळा. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर तिने पांढरा पिवळा पडतो. नीळ घालायची तर आधी वाटीभर पाण्यात विरघळवून गाळून घ्या, नाहीतर ठिपके उठतात. सुती पांढरं ड्रायक्लीनला देऊच नका, घरच्या पाण्यातच ते जास्त उजळतं.

जुळे_सोलापूर

फार उपयोगी माहिती, आभार. एक राहिलं: पैठणीच्या अंगावर शेंगदाणा चटणीचं तेल सांडलंय, आणि एका इरकलीच्या सुती भागावर हळद. ओळखीतल्या एकांनी पेट्रोलने पुसायला सांगितलंय.

परीटघडी

पेट्रोल नको, कृपा करून. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि देवघरातला दिवा, गॅसचा पायलट किंवा सिंथेटिक कपड्याची घर्षणाची ठिणगीसुद्धा पुरते. दुसरं असं की पेट्रोलात रंग आणि इतर घटक असतात, कडेला वर्तुळ राहतं.

तेलावर लगेच साधी टाल्कम पावडर जाड थरात टाका, दोन-तीन तासांनी मऊ ब्रशने झाडा, पुन्हा टाका. घासू नका, पाणी लावू नका. तेल बरंचसं ओढलं जाईल. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळणाराच आहे, तोही ड्रायक्लीनमध्ये बऱ्यापैकी निघतो. चिठ्ठीवर ‘चटणीचं तेल, टाल्कम लावलंय’ असं लिहून आठवड्याच्या आत द्या. जुनं तेल हवेने पिवळं चिकट होतं आणि मग द्रावणालाही दाद देत नाही.

काठपदर

हळदीवर साबण लागला की डाग लालभडक होतो, घाबरू नका. अल्कधर्मी पदार्थाने हळदीचा रंग बदलतो, पाण्याने धुतल्यावर लाली उतरते. अंग सुती असल्यामुळे तुमचं काम सोपं आहे. पदर आणि काठ कोरडे ठेवून फक्त डागाची जागा वाटीवर ताणून धरा, द्रव साबणाने धुवा, आणि ओलसर असताना तेवढाच भाग उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दोन-तीन उन्हांत फिका पडतो. बाकी साडी कापडाने झाका, नाहीतर तिचाही रंग उडेल. उजेडात बघून डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री फिरवू नका.