सोव्हिएत संघ फुटला, की रशियानेच घर सोडलं?

पाणंद
परवा माळ्यावरून शाळेच्या जुन्या वह्या निघाल्या. सगळ्यांना रशियाहून येणाऱ्या त्या गुळगुळीत मासिकाच्या पानांची कव्हरं. एकीवर गव्हाच्या शेतातून चाललेली कंबाइनची रांग. तोच देश तेव्हा अमेरिका-कॅनडाकडून गहू मागवत होता, हे आम्हाला सातवीत कोण सांगणार! असो.

मुद्द्याचं बोलतो. लिथुआनिया, जॉर्जिया, युक्रेन यांनी ओढून ओढून संघ फाडला, असं सगळे सांगतात. मला पटत नाही. काठावरचे गेले तर संघ लहान होतो, मोडत नाही. मधल्या खांबालाच ओझं नकोसं झालं की मोडतो. १९८९ च्या जनगणनेत संघाची लोकसंख्या २८ कोटींच्या वर, त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या रशियात. जमीन तीन चतुर्थांश. आणि रशियनांची कुरकुर काय, तर आमच्या तेलावर बाकीचे पोसले जातात आणि आम्हाला साधा आमचा पक्षसुद्धा नाही. (खरंच नव्हता. युक्रेनचा कम्युनिस्ट पक्ष होता, उझबेकांचा होता, रशियाचा वेगळा निघाला थेट १९९० मध्ये.)

१२ जून १९९० ला रशियाने स्वतःचं सार्वभौमत्व जाहीर केलं. कोणापासून, ते विचारू नका. बरोबर वर्षाने येल्त्सिन रशियाचे अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि ८ डिसेंबर १९९१ ला बेलारूसच्या जंगलातल्या शिकारी बंगल्यावर रशिया, युक्रेन आणि बेलारूस या तिघांच्या नेत्यांनी सह्या करून संघ निकालात काढला. अमेरिकेच्या बुशना फोन आधी गेला, संघाचे अध्यक्ष गोर्बाचोव्ह यांना नंतर कळलं.

निवडुंग
माहिती छान, निष्कर्ष गंडलाय. येल्त्सिन त्या जंगलात कधी गेले? १ डिसेंबरला युक्रेनने नव्वद टक्क्यांवर मतांनी 'आम्ही चाललो' म्हटल्यावर. लिथुआनियाने तर ११ मार्च १९९० लाच स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, तुमच्या १२ जूनच्या तीन महिने आधी. आणि २३ ऑगस्ट १९८९ ला एस्टोनियातलं ताल्लिन ते लिथुआनियातलं व्हिल्नियस सहाशे किलोमीटर हातात हात धरून वीसेक लाख माणसं उभी राहिली, ती काय येल्त्सिनना विचारून? पूर्व युरोप आपसांत वाटून घेणाऱ्या हिटलर-स्टालिन कराराला त्या दिवशी ५० वर्षं झाली होती. ती माणसं संघात आलीच नव्हती, आणली गेली होती. तुम्ही सगळं मॉस्कोच्या खिडकीतून बघताय.

शिवाय पैशाचं काय? १९८६ मध्ये तेलाचे भाव निम्म्यावर आले, गहू मात्र डॉलर मोजून घ्यायचा, वर अफगाणिस्तान चालूच. घरात दाणे असते तर वाटणीचा विषय निघाला असता का?

पाणंद
बाल्टिक देश (एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया) मान्य. पण तिन्ही मिळून ऐंशी लाख लोक. शेपूट तुटलं म्हणून पाल मरत नाही. १३ जानेवारी १९९१ ला व्हिल्नियसच्या टीव्ही टॉवरपाशी रणगाडे घातले, १४ जण गेले. त्याच दिवशी येल्त्सिन ताल्लिनला जाऊन बाल्टिकांच्या बाजूने उभे राहिले. रशियाचा नेता, संघाच्या फौजेविरुद्ध!

आणि संघ टिकवायचा का, यावरचं १७ मार्चचं सार्वमत विसरलात. सहा प्रजासत्ताकांनी भाग घेतला नाही, पण बाकीच्यांत तीन चतुर्थांशांहून जास्त मतं 'संघ हवा'. युक्रेनमध्येसुद्धा सत्तर टक्के.

निवडुंग
त्याच दिवशी युक्रेनमध्ये दुसरी एक चिठ्ठी होती, सार्वभौमत्वाची. तिला त्याहून जास्त मतं पडली. अर्धी मतपेटी उघडून निकाल लावू नका.

काळी पावरोटी
मी तेव्हा युक्रेनमध्ये खारकोव्हला शिकत होतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आमच्या वसतिगृहाच्या दाराशी एक आजी बसायच्या. रात्री अकरानंतर आलं की बोलणी ठरलेली. २२ जानेवारी १९९१ ला रात्री नऊच्या बातम्यांत सांगितलं, ५० आणि १०० रूबलच्या नोटा आजपासून बाद, बदलायला तीन दिवस. (आपलं २०१६ आठवा, फक्त बाहेर बर्फ.) आजींनी स्वतःच्या अंत्यविधीसाठी शंभराच्या नोटा रुमालात बांधून ठेवल्या होत्या. तीन दिवस त्या रांगेत, आणि त्यांच्या खुर्चीवर सून.

मार्चमध्ये त्यांनी संघाला मत दिलं, डिसेंबरमध्ये स्वातंत्र्याला. घरी रशियनच बोलणाऱ्या बाई, राष्ट्रवाद वगैरे काही नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या की मॉस्कोवाल्यांनी जानेवारीत लुटलं, ऑगस्टमध्ये आपसांतच रणगाडे काढले (गोर्बाचोव्हविरुद्धचा तो फसलेला उठाव), आता कीव्हवाल्यांना बघू; आपल्याकडे निदान साखर तरी पिकते.

मला तरी त्या रुमालापलीकडे मोठं कारण दिसत नाही. पुढे जानेवारी ९२ मध्ये कीव्हने नोटांसारखी चालणारी कुपनं काढली आणि भाव भडकले, तेव्हा आजी जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दौत
मला १८०२ आठवलं. २५ ऑक्टोबरला यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंदे-पेशव्यांचा पराभव केला, बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईला इंग्रजांशी तह करून बसला. तैनाती फौज घेतली, बाहेरचे व्यवहार इंग्रजांच्या सल्ल्याने. ज्या मराठा संघाचा तो नावाचा का होईना धनी, त्याच संघातले शिंदे-भोसले पुढच्या वर्षी असई-अडगावला एकटे पडून हरले. होळकर लांब राहिले, मग १८०४ मध्ये ते एकटे लढले. संघ मधल्यानेच सोडला. पाणंद यांचाच मुद्दा.

निवडुंग
ओढूनताणून आहे हे, दौत. येल्त्सिन जिंकत होते, बाजीराव जीव घेऊन पळाला होता. आणि होळकर पुण्यावर चालून का आले? त्यांच्या भावाला, विठोजीला, बाजीरावाने हत्तीच्या पायी दिलं म्हणून. सोडलं-बिडलं काही नाही, सरदारांचं आपसांतलं वैर आधीपासून धुमसत होतं. नाना फडणवीस मार्च १८०० मध्ये गेले आणि झाकण उडालं, एवढंच.

दौत
एकाने गादी वाचवायला सही केली, दुसऱ्याने गोर्बाचोव्हची काढायला. मला फारसा फरक वाटत नाही. बाकी गोर्बाचोव्हचं नशीब बघा, २५ डिसेंबरला राजीनाम्याच्या वेळी पेनच चालेना. समोर बसलेल्या सीएनएनच्या अध्यक्षांचं पेन घेऊन सही केली.

पाणंद
पेनचं माहीत नव्हतं. पावरोटी, तुमच्या आजींमुळे मी थोडा हललोय, पण थोडाच. रूबलवरून विश्वास उडाला असेल, पण नोटा बाद केल्या त्या संघाच्या सरकारने. त्या सरकारच्या पायाखालची सतरंजी तेव्हा रशियाच ओढत होता. बाय द वे, नोटा बदलून मिळाल्या का त्यांना?

काळी पावरोटी
बऱ्याचशा. एक राहिली, ती मला दिली. लेनिन आहे तिच्यावर. पासपोर्टच्या पाकिटात आहे अजून.