रोममध्ये गाइडसोबतच्या सहली : कोणत्या घ्याव्यात आणि कुठे नुसते तिकीट पुरते?

ऋतुगंध :

येत्या ऑक्टोबरमध्ये मी, माझी सत्तरी ओलांडलेली आई आणि पंधरा वर्षांचा मुलगा असे तिघे आठवडाभरासाठी रोमला जात आहोत. विमानाची तिकिटे आणि राहण्याची व्यवस्था झाली आहे, अडले आहे ते सहलींपाशी. एकट्या कोलोसियमच्या नावावर ‘रांग टाळा’, ‘विशेष प्रवेश’, ‘लहान गट’, ‘तज्ज्ञासोबत’ असे इतके प्रकार विकले जातात, आणि त्यांच्या किमतींत इतकी तफावत असते, की जास्तीचे पैसे देऊन नेमके काय पदरात पडते हे वर्णन दोनदा वाचूनही कळत नाही. आईला इतिहासाची मनापासून आवड आहे, पण ती फार वेळ उभी राहू शकत नाही. मुलाला कोणी बोलत असताना गप्प उभे राहणे जमत नाही. ही अडचण वयाची नसून स्वभावाची आहे. तेव्हा कोणत्या ठिकाणी गाइड घेतल्याने खरोखर फरक पडतो, कुठे स्वतःच्या स्वतः फिरणे बरे, आणि जाहिरातींमधले हे शब्द कसे वाचावेत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सातटेकड्या :

आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटला की बाकीचे सोपे होतात. ‘रांग टाळा’ याचा अर्थ बहुतेक ठिकाणी एवढाच असतो, की तिकीट खिडकीपुढे उभे राहावे लागणार नाही. अधिकृत संकेतस्थळावरून वेळ ठरवून तिकीट घेतले तरी ती रांग चुकतेच, त्यासाठी सहल घेण्याचे कारण नाही. सुरक्षा तपासणीची रांग मात्र कोलोसियमलाही असते आणि व्हॅटिकनलाही, आणि सहल कितीही महाग असली तरी ती कोणाला चुकत नाही. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकेत, म्हणजे तिथल्या भव्य चर्चमध्ये, प्रवेश विनामूल्य आहे. तिथल्या नुसत्या प्रवेशासाठी कोणी पैसे मागत असेल, तर ते कशाचे, हे आधी विचारावे.

‘विशेष प्रवेश’ म्हणजे कुठे प्रवेश, हे जागेच्या नावानिशी लिहिलेले असले पाहिजे. कोलोसियमचे साधे तिकीट फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) आणि त्याला लागून असलेली पॅलाटाइन टेकडी यांच्यासह मिळते, परंतु रिंगणाची फरशी आणि तिच्या खालचे तळघर यांसाठी वेगळी तिकिटे असतात आणि त्यांची संख्या मर्यादित असते. वर्णनात ‘तळघर’ हा शब्द स्पष्टपणे नसेल, तर तळघर दाखवले जाणार नाही असेच समजावे. ‘सहायकासह प्रवेश’ असे लिहिलेले असेल, तर तो सहायक बहुधा तिकीट हाती देऊन दारापर्यंत सोबत करतो आणि तिथून परत फिरतो. तो गाइड नव्हे. इटलीत गाइडचे काम करण्यासाठी परवाना लागतो आणि 2023 च्या अखेरीस झालेल्या कायद्याने त्यासाठी देशपातळीवरची परीक्षा ठरवून दिली आहे, त्यामुळे ‘परवानाधारक गाइड’ हे शब्द वर्णनात आहेत की नाहीत, हे अवश्य पाहावे.

आता गाइड कुठे घ्यावा. माझे मत विचाराल, तर रोममध्ये एकाच ठिकाणी गाइडवर खर्च करायचा असेल तर तो फोरममध्ये करावा. लोक कोलोसियमसाठी गाइड घेतात आणि फोरम उरलेल्या वेळात उरकतात. खरे तर याच्या उलट करायला हवे. कोलोसियम ही एकच इमारत आहे आणि तिचा उपयोग पाहताक्षणी कळतो. फोरममध्ये मात्र हजारभर वर्षांच्या इमारतींचे अवशेष एकमेकांत मिसळलेले आहेत आणि सांगणारा नसेल तर ते निव्वळ दगडांचे ढिगारे वाटतात. एकच उदाहरण देतो. सम्राट अँटोनायनस आणि त्याची पत्नी फॉस्टिना यांच्या मंदिराच्या खांबांमागे आज एक चर्च उभे आहे आणि त्या चर्चचे दार मंदिराच्या पायऱ्यांपासून कितीतरी उंचावर, जणू अधांतरी आहे. ते दार बसवले गेले तेव्हा मातीचे आणि मलब्याचे थर साचून जमीनच तेवढी वर आलेली होती. पुढे उत्खनन झाले, माती निघून गेली आणि दार वरच राहिले. चांगला गाइड अशा दारापुढे दोन मिनिटे थांबतो, आणि मग बाकीचा परिसर कसा पाहायचा हे आपले आपल्यालाच कळू लागते.

कोलोसियमचे तळघर मिळाले तर मुलासाठी जरूर घ्यावे. सन 80 मध्ये इमारतीचे उद्घाटन झाले आणि त्यानंतर सम्राट डोमिशियनच्या काळात हे तळघर बांधले गेले. पशूंना आणि देखाव्यांच्या सामानाला रिंगणात वर चढवणाऱ्या लाकडी पाळण्यांच्या खोबणी तिथल्या भिंतींत आजही दिसतात. मुलाला यंत्रांची आवड असेल तर तो तिथे नक्की गप्प उभा राहील.

तिकिटांबाबत एक सूचना. कोलोसियमची अधिकृत तिकिटे भेटीच्या साधारण महिनाभर आधी खुली होतात, ती नावानिशी असतात आणि दारावर ओळखपत्र पाहिले जाते. ती मिळणे अवघड का जाते, याचे एक कारण उघड झालेले आहे. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने एप्रिल 2025 मध्ये पूर्वी तिकीटविक्री सांभाळणारी संस्था आणि काही सहल कंपन्या यांना मिळून जवळपास 2 कोटी युरोंचा दंड ठोठावला, कारण स्वयंचलित संगणक प्रणाली वापरून तिकिटे घाऊक उचलली जात होती आणि सामान्य पर्यटकाला महाग सहलीखेरीज मार्गच उरत नव्हता. म्हणून तारीख खुली होईल त्या दिवशी आधी अधिकृत संकेतस्थळावर प्रयत्न करावा आणि तिथे निराशा झाली तरच सहलीकडे वळावे.

एकटादुकटा :

वरील प्रतिसादातील फोरमविषयीच्या मताशी मी सहमत आहे, पण रोममध्ये गाइडवाचून पाहण्यासारखे किती आहे हेही सांगायला हवे, नाहीतर आठवडाभर कोणा गाइडने उंच धरलेल्या छत्रीमागून चालण्याची वेळ येते. पँथिऑन या घुमटाच्या प्राचीन मंदिराला गाइडची मुळीच गरज नाही. जुलै 2023 मध्ये तिथे 5 युरोंचे तिकीट सुरू झाले. आत जाऊन मधोमध उभे राहावे आणि वर पाहावे. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही सुमारे 43 मीटर आहेत, माथ्यावरचे गोल छिद्र जवळपास 9 मीटर रुंदीचे आहे, आणि पाऊस आला तर तो सरळ आत पडून फरशीतल्या बारीक छिद्रांतून वाहून जातो. यापुढे गाइड काय सांगणार?

सान क्लेमेंते हे कोलोसियमपासून चालत जाण्याजोगे चर्च आपल्या मुलाला कोणत्याही सहलीपेक्षा जास्त आवडेल असे मला वाटते. वर बाराव्या शतकातले चर्च, त्याच्या पोटात चौथ्या शतकातले चर्च आणि त्याच्याही खाली रोमन काळातली घरे आणि रोमन काळात पूजल्या जाणाऱ्या मिथ्र देवाचे स्थान, असे एकाखाली एक उतरत जाता येते. अगदी तळाशी वाहत्या पाण्याचा आवाज ऐकू येतो. उत्खननाच्या भागाला तिकीट आहे, पण आपल्या गतीने फिरता येते आणि कोणाच्या मागे धावावे लागत नाही.

बोर्गेझे गॅलरीतही मी गाइड घेऊ नये असेच म्हणेन. तिथे आगाऊ आरक्षण सक्तीचे असून आत दोनच तास मिळतात. त्यांतला बराचसा वेळ शिल्पकार बर्निनीच्या शिल्पांभोवती फिरण्यात घालवावा. ‘अपोलो आणि डॅफ्नी’ हे शिल्प मागून पाहत पुढे आले की पळणाऱ्या मुलीच्या बोटांची पाने होताना पायरीपायरीने दिसते. गट मात्र सहसा एकाच बाजूला घोळका करून उभा राहतो.

विनामूल्य म्हटल्या जाणाऱ्या पायी सहलींबद्दल थोडक्यात सांगतो. त्या शेवटी मिळणाऱ्या बक्षिसीवर चालतात, गट मोठा असू शकतो आणि त्या इमारतींच्या आत जात नाहीत. पहिल्या संध्याकाळी शहराची ओळख करून घेण्यापुरत्या त्या ठीक आहेत.

संथपाऊल :

ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी जोडते. ‘लहान गट’ हा शब्द प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने वापरते, त्यामुळे जास्तीत जास्त किती माणसे, हा आकडा लेखी घ्यावा. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की मध्ये बसायला कुठे आणि किती वेळ मिळेल? ज्याला याचे नेमके उत्तर देता येत नाही, त्याने तो मार्ग आईंच्या चालीने कधी चालून पाहिलेला नाही, असे खुशाल समजावे. आपण तिघेच असल्यामुळे दोन तासांसाठी खासगी गाइड घेणे महाग दिसले, तरी गटसहलीत तिघांचा मिळून होणाऱ्या खर्चाशी तुलना करून पाहावी. फरक वाटतो तेवढा राहत नाही आणि थांबायचे कधी, हे आपल्या हातात राहते.

फोरममधला प्राचीन रस्ता मोठ्या, उंचसखल दगडांचा आहे. तिथे काठी अडकते आणि पाय मुरगळतो. आईंना खाली न्यायचे नसेल, तर कॅपिटोलाइन टेकडीच्या मागच्या कठड्यापासून सगळा फोरम समोर पसरलेला दिसतो आणि गाइडने तिथूनच कथा सांगितली तरी बरेच साधते. कोलोसियममध्ये लिफ्ट आहे. व्हॅटिकन संग्रहालयात चाकांची खुर्ची विनाशुल्क मिळते. तिथले दालनांमागून दालनांचे अंतर पाहता ती मागायला संकोच करू नये.

व्हॅटिकनच्या सहलींचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात ठेवावे. संग्रहालयातूनच जिथे पोचता येते त्या सिस्टिन चॅपेलमध्ये गाइडला बोलता येत नाही. म्हणून मायकेलँजेलोने रंगवलेल्या तिथल्या छताविषयीचे सगळे विवेचन आधीच, पाइनच्या फळाचे अवाढव्य कांस्यशिल्प असलेल्या प्रांगणात, चित्रफलकांपुढे उभे राहून होते. उन्हात उभे राहून ऐकण्याचा हा भाग वयस्कांना सर्वांत जड जातो. आईंनी घरीच चांगले पुस्तक वाचून यावे आणि चॅपेलमध्ये कडेच्या बाकावर जागा मिळवून शांतपणे वर पाहावे, हे मला अधिक योग्य वाटते. चॅपेलमधून थेट बॅसिलिकेत नेऊ, असे आश्वासन काही सहली देतात. तो मार्ग गटांसाठी असतो हे खरे, पण तो ऐनवेळी बंद असू शकतो, तेव्हा केवळ त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत.

ऋतुगंध :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. यावरून असे ठरवते आहे, की फोरमसाठी खासगी गाइड, कोलोसियमला तळघराचे अधिकृत तिकीट मिळाले तर मी आणि मुलगा, आणि बाकी सर्व आपले आपण. दोन शंका उरतात. सेंट पीटर्सच्या खालच्या प्राचीन दफनभूमीविषयी वाचले होते, ती भेट कोणत्या कंपनीकडून घ्यावी? आणि महिन्यातल्या विनामूल्य रविवारांचा लाभ घ्यावा का?

सातटेकड्या :

दफनभूमीसाठी कंपनी शोधू नये. व्हॅटिकनच्या उत्खनन कार्यालयाला थेट ईमेलने विनंती करावी लागते. त्यात सर्वांची नावे, हवी असलेली भाषा आणि शक्य असलेल्या सगळ्या तारखा लिहाव्यात. गट लहान असतात, गाइड त्यांचाच असतो आणि मागणी फार असल्यामुळे जितक्या लवकर लिहाल तितके बरे. जागा अरुंद आणि दमट आहे, पायऱ्याही आहेत. त्यामुळे आईंनी तेवढा वेळ वर बॅसिलिकेत थांबणे इष्ट. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, हा नियम तिघांनाही लागू आहे.

विनामूल्य रविवार टाळावेत. पहिल्या रविवारी कोलोसियमसह सरकारी वास्तू आणि संग्रहालये मोफत असतात आणि शेवटच्या रविवारी व्हॅटिकन संग्रहालय, पण दोन्हीकडे गर्दी इतकी असते की आईंना त्रासच होईल. शिवाय सरकारी संग्रहालयांत 18 वर्षांखालील मुलांना कोणत्याही दिवशी प्रवेश मोफत असल्याने आपली बचत दोनच तिकिटांची होईल. मुलाचे शून्य रकमेचे तिकीटही आरक्षित मात्र करावे. बोर्गेझे गॅलरी सोमवारी बंद असते. तिची वेळ आधी पक्की करून मग खासगी गाइडचा दिवस ठरवावा, कारण गाइडला दिवस बदलून मागता येतो, गॅलरीला नाही.